दोन बोटं खाली

आमच्या घरात भाताचं पाणी बोटाने मोजतात. तांदळाच्या वर एक पेर. गाडीतही बोटांनी मोजण्यासारखं काही असतं, हे मला भाच्याने शिकवलं. त्याने सहा वर्षं वापरलेली पोलो घेतली, तेव्हा पेढा माझ्या तोंडात असतानाच मला पार्किंगमध्ये नेलं. पुढच्या चाकावर जी कमान असते तिच्यात त्याने हात आडवा सरकवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, चार बोटं."

मी पेढा गिळला. बातमी वाईट आहे एवढं कळलं; कुणाची, ते कळेना.

"टायर आणि बॉडीच्या मध्ये चार बोटं! जीप आहे का ही? दोनच्या वर असता कामा नये."

गाडी चाकणला बनलेली. पुण्याचे रस्ते कारखान्यापासून तासाभरावर, म्हणजे ती चार बोटं कुणीतरी विचार करूनच ठेवली असणार. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

आमच्या पिढीने गाडी वर उचलण्यासाठी पैसे घातले. वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. मे महिन्यात सहा मोठी माणसं, तीन पोरं आणि येताना आंब्याच्या पेट्या म्हटल्यावर गाडी मागून बसायची. मग वडील गॅरेजला जाऊन "एक पाटा वाढव रे" म्हणायचे. पाटा वाढला की गाडी रिकामी असताना नाकावर पडल्यासारखी दिसायची आणि भरली की सरळ. आमचं ॲडजस्टेबल सस्पेन्शन ते एवढंच. दाजींनी, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, परंपरा पुढे चालवली. त्यांच्या गाडीच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवलेले आहेत, गाडी खाली घासू नये म्हणून. आता एकाच पार्किंगमध्ये बापाची गाडी टाचा उंच करून उभी असते आणि शेजारी लेकाची गाडी पोटावर निजलेली. दाजी त्याच्याशी या विषयावर बोलत नाहीत. मला म्हणतात, "खालीच न्यायची होती तर मला सांगायचं. डिकीत चार पोती सिमेंट टाकून दिलं असतं."

सिमेंटऐवजी तैवानहून खोका आला. किंमत लाखाच्या आसपास; घरात सांगितलेली किंमत अठरा हजार. खोक्यात कॉइलओव्हर. शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग, आणि अंगाला आटे पाडलेले. त्या आट्यांवर एक कडं फिरतं. कडं खाली घ्या, गाडी खाली. वर घ्या, गाडी वर. दुसरं कडं पहिल्याला जागेवर आवळून धरतं, आणि दोन्ही फिरवायला चंद्रकोरीच्या आकाराचा, टोकाला आकडा असलेला पाना. शिवाय डोक्यावर एक गुंडी. ती फिरवली की टिक् असा बारीक आवाज येतो आणि शॉकअप एक घर कडक होतो. अशी बत्तीस घरं. पुढे बत्तीस, मागे बत्तीस.

लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा माणूस ज्या एका शब्दाच्या बळावर बसतो, तो 'ॲडजस्ट' हा शब्द भाच्याच्या आयुष्यात यापूर्वी आला नव्हता. ताटातली शेवग्याची शेंग तो आजही बाजूला काढतो. त्याने ॲडजस्ट होण्याची सगळी सोय एकरकमी विकत आणली.

या जमातीचा माणूस ओळखायला सोपा असतो. गाडी लावून निघताना तो तिच्याकडे उभ्याने पाहत नाही, उकिडवा बसून पाहतो. त्यांच्यात वरचे-खालचे असतात. ग्राइंडरने स्प्रिंगची दोन वेटोळी कापून गाडी खाली घेणारे सगळ्यांत खालचे. त्यांच्या हातचं पाणीही पीत नाहीत. त्याच्या वर नुसत्या आखूड स्प्रिंगा बसवणारे. मग कॉइलओव्हरवाले. आणि सगळ्यांच्या वर हवेच्या फुग्यांवर गाडी ठेवणारे, जे बटण दाबून रस्त्यावर बसतात आणि बटण दाबून उठतात. त्यांचा विषय निघाला की भाचा खिडकीबाहेर बघतो.

अमेरिकन इंजिनियर मॅकफर्सन हे त्याचं दैवत. १९५० च्या सुमाराला फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांत या गृहस्थाच्या नावाचा स्ट्रट आला आणि पुढच्या चाकापाशी स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र संसार सुरू झाला. पोलोला पुढे तोच आहे. मागे मात्र स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. दोघं शेजारी राहून ओळख न दाखवणाऱ्या भावकीसारखे. म्हणजे चारपैकी खरे कॉइलओव्हर दोनच. हे मी चहा पिताना सहज म्हटलं, तर तो दोन दिवस फोनवर आला नाही.

बसवण्याचा मुहूर्त रविवारचा. "मामा, तू फक्त टॉर्च धर." ज्याने लहानपणी वडिलांसाठी टॉर्च धरलाय त्याला पुढचं सांगायला नको. आपण जिथे उजेड पाडतो तिथे काम कधीच नसतं. नट गंजलेले होते. त्यांच्यावर डब्ल्यूडी-४० मारून झालं, वाट पाहून झालं, हातोडीने समजूत काढून झालं. लिंक रॉडचा नट सुटायच्या ऐवजी आख्खी पिनच गोल फिरायला लागली, तेव्हा तो पहिल्यांदा इंग्रजीत बोलला. जुनी स्प्रिंग शॉकअपवरून काढायचा प्रसंग सर्वांत बिकट. ती दाबून धरलेली असते. वरचा नट अवेळी सुटला तर गोळीसारखी उडते. त्यामुळे नव्यात लागणारे जुने भाग सोडवायला तो स्ट्रट नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे रिक्षातून घेऊन गेला. मिस्त्रींनी चार मिनिटांत काम केलं आणि नवा कॉइलओव्हर हातात फिरवून विचारलं, "याला काय झालं होतं? जुना तर चांगला होता."

संध्याकाळी पाचला गाडी चाकांवर आली. मग मापं. चाकाच्या मधोमधपासून कमानीपर्यंत टेप लावायचा. ड्रायव्हरच्या जागी ड्रायव्हरएवढं वजन हवं म्हणून मला आत बसवलं. त्याचं वजन बहात्तर, माझं अठ्ठ्याहत्तर. "मामा, हलू नकोस. पोट आत घेऊ नकोस, नॅचरल बस." मी नॅचरल बसलो. उजवीकडे ३३८ मिलिमीटर, डावीकडे ३४६.

आठ मिलिमीटर. मला उतरवलं, जॅक लावला, चाक काढलं, डावं कडं खाली घेतलं, चाक लावलं, जॅक काढला, गाडी पुढे-मागे ढकलून स्प्रिंग बसवली, मला आत बसवलं. ३४३. पुन्हा. ३४०. ताईने वरून दोनदा जेवायला हाक मारली. साडेनऊला दोन्हीकडे ३३८ झालं आणि त्याने मला मिठी मारली. शर्ट गेला.

सोमवारी सकाळी गाडी रस्त्यावर उभी केली तर डावीकडून वाकलेली. खांद्याला दप्तर लटकवलेल्या पोरासारखी. भाचा टेप घेऊन गाडीभोवती फिरत होता. बी विंगच्या प्लास्टरच्या कामावर आलेला गवंडी विडी विझवून जवळ आला. काल गाडी कुठे होती विचारलं, आत गेला, पाण्याची नळी घेऊन पार्किंगमध्ये दोन टोकांना धरून बघितली आणि म्हणाला, "सायेब, हितं जाळीकडं पाणी जायला ढाळ दिलाय. ह्या चाकाखाली पाऊण इंच खोल हाय."

डावं चाक रात्रभर गटाराच्या जाळीपाशी लोंबत उभं होतं. त्याच्यावर भार कमी, म्हणून स्प्रिंग सैल, म्हणून कमान उंच. आणि आम्ही साडेचार तास घालवून गाडी पावसाच्या पाण्याशी जुळवून घेतली होती. जर्मन इंजिनियर, तैवानी आटे, आणि निकाल लावला पाणसळीने. मला त्या गवंड्याबद्दल जो आदर वाटला तो मी भाच्यापासून लपवून ठेवला.

हे निस्तरेपर्यंत गाडी कुरकुरायला लागली. खड्ड्यात गेली की मागून कट्, वळली की पुढून कुईं. आवाज शोधण्यासाठी मागची सीट पाडून मला डिकीकडे कान करून आडवं झोपवलं आणि कर्वे रस्त्याने फिरवलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी वाकून पाहिलं. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार? शेवटी परत नाना पेठ. मिस्त्री खाली वाकले, बोट लावलं, विचारलं, "बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले?" आवळले होते. "बुश पिळले ना मग. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावर आवळायचे." सगळे बोल्ट सैल करून, गाडीला खाली बसू देऊन, परत आवळले. कुईं गेलं. कट् अजून आहे, पण आता तो त्याला 'कॅरेक्टर' म्हणतो.

एवढ्या सगळ्यात त्याला खरोखर समजलेली आणि मला समजावता आलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मलाही आवडली. स्प्रिंग बसवतानाच दाबून ठेवली तर ती कडक होते, असं सगळ्यांना वाटतं. त्याच्या पुढच्या चाकावर साधारण तीनशे किलो भार येतो, आणि स्प्रिंग मिलिमीटरला पाच किलोची. म्हणजे भार आला की ती साठ मिलिमीटर दबणार. तुम्ही आधीच दहा दाबून ठेवलीत तर भाराने पन्नास दबेल. बेरीज साठच. गाडी तेवढी वर उचलली जाईल. कडकपणा होता तिथेच. मिलिमीटरला पाच किलो. मी त्याला म्हटलं, हे आपल्या आजीसारखं आहे, आधी कितीही बोलून घेतलं तरी ती पुढे तेवढीच वाकते. हा दाखला त्याने नंतर आपला म्हणून चौघांना सांगितला.

आजीचं स्वतःचं मत वेगळं आहे. "बसता येतं रे तुझ्या गाडीत. उठता येत नाही."

पुण्यातले सगळे गतिरोधक त्याला तोंडपाठ आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा, हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. आमच्या सोसायटीचा गतिरोधक टाकीच्या कामातून उरलेल्या काँक्रीटचा आहे. त्याचं माप ते काँक्रीटच जाणे. भाचा तो तिरका ओलांडतो. आधी डावं चाक, मग उजवं, आणि मागे बसलेले सगळे एकेक करून एकमेकांच्या अंगावर. चौघं असली तर दोघांना उतरवतो. वार्षिक सभेत त्याने गतिरोधक तासण्याची सूचना मांडली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "गाडी तुम्ही खाली घेतली. आता जमीनही आम्हीच खाली घ्यायची?"

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा मात्र त्याला धाक आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. त्यामुळे जुन्या स्प्रिंगा वेळेला परत बसवता याव्यात म्हणून त्याने जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणात ठेवल्यात, ताईच्या पैठणीशेजारी. पैठणीला ग्रीसचा वास कुठून येतो, याचा शोध ताई अजून घेतेय.

त्याची खरी पुंजी म्हणजे वही. दोनशे पानी, खाकी कव्हरची. पहिल्या पानावर 'श्री', आणि मग:

'पुढे १४, मागे ११. ताम्हिणी. पाऊस. मामा मागे. चांगली वळते.'

'पुढे १६, मागे १२. ताम्हिणी. मामा मागे. मामाला उलटी. मागे दोन क्लिक मऊ करून बघावे.'

'पुढे १४, मागे १०. मामा आला नाही.'

अलाइनमेंटच्या छापील कागदांची वेगळी फाइल आहे, सोनोग्राफीच्या रिपोर्टांसारखी. गाडी खाली घेतली की चाकांचे कोन बदलतात, आणि भाचा दर पंधरवड्याला चार मिलिमीटर खाली किंवा वर असतोच. अलाइनमेंटवाला त्याला आता पाणी नाही, चहा विचारतो.

गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला निघालो, तेव्हा त्याने चारही गुंड्या पार मऊ केल्या. मोरयाला एकही धक्का लागता कामा नये. शनिवारवाड्यापासून घरापर्यंत पोलो होडीसारखी डुलत आली. मांडीवर गणपती घेऊन बसलेली ताई म्हणाली, "एवढी छान चालते होय रे ही? मग वर्षभर माझ्या कमरेचे का हाल केलेस?" त्याने उत्तर दिलं नाही. मूर्ती उतरवल्याबरोबर वाकून पुन्हा टिक्, टिक्, टिक्.

मोजता मोजता तो थांबला. वही काढली. पान उलटलं, आणखी पानं उलटली. मग जिन्याच्या पायरीवर बसला.

"मामा, पुढचे क्लिक मी कधी कडक बाजूने मोजलेत. आणि कधी मऊ बाजूने."

वर्षभराची वही. ताम्हिणी, पसरणी, माझ्या दोन उलट्या. पुढचे चौदा म्हणजे अठरा होते की अठराचे चौदा, आता ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. मी शेजारी बसलो. वरून आरतीसाठी घंटा वाजत होती, आणि अशा वेळी मामाने काय बोलायचं असतं ते मला सुचेना.

त्याने मान वर केली. चेहरा असा उजळलेला, जसा मी तो खोका उघडताना पाहिला होता. "म्हणजे सगळं पहिल्यापासून करावं लागणार! रविवारी मोकळा आहेस ना तू? टॉर्च आण."

रविवारी मी टॉर्च नेला. गवंड्याकडून पाण्याची नळी आदल्या रात्रीच मागून ठेवली होती.