तिथे ते खायचं नसतं

आमच्या आतोबांना ‘आज कुठे जेवायला जाऊ या?’ असं सहज विचारायची सोय नाही. म्हणजे विचारा, ते खूशच होतील. फक्त हाताशी निदान पाऊण तास ठेवा. कारण आतोबा एकदम नाव सांगत नाहीत. आधी चौकशी होते. किती जण? वार कुठला? निघणार किती वाजता? बरोबर वयस्कर कोणी आहे का, आणि त्यांना जिना चढवेल का? कांदा-लसूण न खाणारं कोणी? बिल कोण देणार? (हे मात्र आवाज खाली आणून.) वधूवरसूचक मंडळातल्या बाई पत्रिका मांडून बसतात, तसे आतोबा एका बाजूला तुमचं कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला पुण्यातली समस्त उपाहारगृहं घेऊन बसतात, आणि गुण जुळल्याशिवाय तोंडातून अक्षर काढत नाहीत. तोवर इकडे पोरं वरण-भात खाऊन झोपलेली असतात.

असा माणूस घरोघरी असतो. कुणाचा मेहुणा असतो, कुणाचा ऑफिसातला शेजारी, एका मित्राकडे तर साक्षात सासूबाई आहेत. आमच्या घराण्यात ते पद आत्याच्या यजमानांकडे आहे आणि ते बिनविरोध आहे. जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी सगळी टपाल खात्यात. पत्ता अचूक सांगण्याची खोड तिथली असावी. मात्र त्यांचे पत्तेही खाण्यावरूनच जातात. मला एकदा दाताचे डॉक्टर हवे होते, तर म्हणाले, “निंबाळकर तालीम माहितीये ना? सुजाता मस्तानी? तिथून पुढे ये. येताना पिऊ नकोस, दाताला थंड लागेल. परतताना पी.”

मिसळीच्या बाबतीत त्यांनी माणसांचे सरळ दोन वर्ग पाडले आहेत. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे पाठवायचे ते, आणि कर्वे रस्त्याला काटाकिर्रला पाठवायचे ते. बेडेकरांची मिसळ जराशी गोडसर, बरोबर पाव नाही तर ब्रेडच्या स्लाइस. तिथे आतोबा शांत स्वभावाची, नवविवाहित आणि मुंबईची माणसं पाठवतात. काटाकिर्र नावाला जागणारी, कपाळावर घाम आणणारी. तिथे जातात नव्याने बढती मिळालेले, परीक्षा संपलेले आणि बायकोशी भांडलेले. कोल्हापूरच्या माणसाला मात्र पुण्यात मिसळ सुचवायचीच नाही, हा त्यांचा नियम आहे. “तो खाणार, नाक मुरडणार, वर तांबड्या-पांढऱ्याच्या गोष्टी सांगणार. कशाला? त्याला मस्तानी पाज. मस्तानीवर कोल्हापूरला काही बोलता येत नाही.” आमच्या घरात कोल्हापूरची सोयरीक झाली तेव्हा हे धोरण किती मुत्सद्दी आहे ते आम्हाला कळलं. व्याही मंडळी तीन दिवस राहिली आणि मस्तानीवर खूश होऊन गेली.

आतोबांची सगळ्यात आवडती वाक्यं तीन. पहिलं, “पूर्वीचं राहिलं नाही.” हे कुठल्याही हॉटेलाबद्दल म्हणता येतं, आणि ते म्हणतातही. दुसरं, “आचारी गेला.” हे अधिक गंभीर. चांगला आचारी एका हॉटेलातून दुसऱ्यात गेला, की आतोबांना त्याची खबर मालकाच्या आधी लागते की काय, अशी मला शंका आहे. आपण एखाद्या ठिकाणच्या थालीपिठाची तारीफ करावी, तर ते शून्यात बघत म्हणणार, “तो आता कोथरूडला असतो.” कोण? “करणारा.” आम्ही थालीपिठाबद्दल बोलत असतो, आतोबा त्याच्या वंशावळीबद्दल.

तिसरं वाक्य सगळ्यात जाचक. “अरे, तिथे ते खायचं नसतं!” तुम्ही त्यांच्याच सांगण्यावरून कुठे तरी जाता, पोटभर जेवता, समाधानाने घरी येता. पादत्राणं काढेपर्यंत फोन वाजतो. नमस्कार-चमत्कार नाही. “मग?” छान होतं, आतोबा. “काय मागवलंस?” डोसा. पलीकडे शांतता. मग हळूच, दुखऱ्या आवाजात, “अरे, तिथे डोसा खायचा नसतो. तिथे उत्तप्पा. डोसा त्याच्या समोरच्याकडे.” झालेलं जेवण पोटातल्या पोटात आंबट होतं. वैशालीत गेलो आणि एसपीडीपी न खाता आलो, तेव्हा त्यांनी आत्याकडे फोन दिला आणि म्हणाले, “तूच बोल, मला सुचत नाही.”

वैशाली हा विषय जरा वेगळाही आहे. फर्ग्युसन रस्त्यावरचा तो इडली-कॉफीचा संसार उभा करणारे जगन्नाथ शेट्टी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. त्या दिवशी आतोबांनी कुणालाच काही सुचवलं नाही. संध्याकाळी माझ्या भावाने नेमका ‘पिझ्झा कुठला चांगला?’ म्हणून फोन केला, तर “उद्या विचार” एवढंच म्हणाले. सुतकात पिझ्झा कसा सांगणार?

त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष खायला जाणं हा मात्र अनुभव घ्यावाच. ते मेनूकार्ड उघडत नाहीत. ते शेजारच्या टेबलांवर नजर फिरवतात. लोक काय टाकून उठलेत ते पाहतात. (“खाल्लेलं काय बघायचं? टाकलेलं बघावं.”) पोऱ्या पाणी घेऊन आला की त्याला “गाव कुठलं?” विचारतात. गाव कुठलंही असो, तिथल्या एखाद्या भेळवाल्याची ओळख निघतेच. मग बसल्या जागेवरून तुमच्यासाठी ऑर्डर देतात. तुम्हाला काय हवंय, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

मिसळ येते. आतोबा स्वतःच्या बशीला हात लावत नाहीत. चमचा हातात धरून, कोपर टेबलावर टेकून, मान किंचित पुढे काढून ते तुमच्या तोंडाकडे पाहत राहतात. “आधी नुसतं सँपल घे. हां. आता फरसाण खालून वर कर. खालून, खालून! लिंबू आत्ता नको. लिंबू अर्ध्यात.” तुम्ही पहिला घास घेता. रस्सा अजून उकळता असतो, जीभ पोळते, डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी आतोबा कृतार्थतेचं समजतात. त्यांची भुवई वर चढलेली, चमच्यातला रस्सा कडेने थेंब थेंब गळतोय, समोर त्यांच्या बशीतली शेव भिजून खाली बसत चाललीय. “हं?” आता तुम्ही मान हलवायची. नुसती हलवून भागत नाही. डोळे अर्धे मिटून, मान एका बाजूला टाकून, तोंडातल्या तोंडात ‘अहाहा’सारखं काही तरी झालं पाहिजे. माझ्या बायकोला हे इतकं सुरेख जमतं की आतोबा तिला आमच्या घरातली एकमेव जाणकार मानतात. धाकट्या भावाने मात्र एकदा त्या क्षणी “ठीक आहे” म्हटलं. पुढे कित्येक महिने तो काहीही विचारायला गेला की आतोबा त्याला म्हणायचे, “तू कुठेही जा रे. तुला काय, सगळं ठीकच लागतं.”

मोबाइलमधल्या तारकांवर त्यांचा भारी राग. भाच्याने एकदा दाखवलं, की आतोबा, या ठिकाणाला चार पूर्णांक तीन आहेत. “कोणी दिले?” लोकांनी. “कुठले लोक? त्यांनी आधी काय खाल्लं होतं? उपाशीपोटी गेले होते का? उपाशी माणूस पाच देतो.” आक्षेप अगदीच खोटा नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. पण त्यांची खरी तक्रार वेगळीच असावी. ज्या माहितीसाठी अख्खं आयुष्य वेचलं, ती कुणाही सोम्यागोम्याला फुकट मिळते म्हणजे काय? चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, तेव्हा परगावच्या पाहुण्यांना “आत्ता जाऊ नका, चारला जा” हे सांगण्यात आतोबांची निम्मी प्रतिष्ठा गुंतलेली होती. २०१७ साली चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं. सारं पुणे त्यावर विनोद करत होतं. आतोबा मात्र गंभीर. “बाकरवडी कधीही मिळणार असेल, तर मग सांगायचं काय?”

म्हणूनच हल्ली जिथे अजून काही नियम, अटी, अडचणी शिल्लक आहेत, अशा जागांवर त्यांचं जास्त प्रेम. टिळक रस्त्यावरची बादशाही १९३२ पासूनची. तिथे थांबावं लागतं हे ते कौतुकाने सांगतात, जणू थांबणं हा ताटातला पहिला पदार्थ. ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी तर त्यांना विशेष प्रिय. १९५५ पासून श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक रांग लावताहेत. आतोबा एरवी लष्कर भागाला परदेश मानतात, पण कयानीसाठी सकाळी पिशवी घेऊन निघतात. डेक्कनच्या गुडलकमध्ये, म्हणजे १९३५ सालच्या, बन-मस्का खावा आणि बन चहात बुडवावा की नाही यावर समोरच्याशी तावातावाने वाद घालावा. वादाशिवाय बन-मस्का पचत नाही, असं त्यांचं मत.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, माणूस खादाड असेल. मुळीच नाही. आतोबा खातात चिमणीएवढं. मिसळीची अर्धी बशी माझ्याकडे सरकवतात. त्यांची भूक वेगळी आहे. त्यांनी सांगितलेलं दुसऱ्याने खाल्लं, की त्यांचं भागतं. न्यू जर्सीला असलेला आतेभाऊ सुट्टीवर येतो, तेव्हा त्याच्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक आतोबांनी फ्रिजवर चिकटवलेलं असतं. सकाळ, मधली वेळ, संध्याकाळ, सगळं भरलेलं. आत्या एक दिवस ते वाचून म्हणाली, “यात माझ्या हातचं कुठे आहे?” आतोबांनी चष्मा लावला, कागद बारकाईने तपासला आणि गुरुवारच्या दुपारी ‘घरी’ असं लिहून दिलं. वर सूचना, ‘भरली वांगीच करणे.’

थोरले काका गेले, त्या दिवशीची गोष्ट. वैकुंठातून सगळे परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. साताऱ्याची, नाशिकची माणसं पहाटे निघून आलेली, पोटात चहाशिवाय काही नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिला होता, पण तो घरच्यांपुरता. भूक सगळ्यांना लागलेली, बोलणार कोण? अशा घरात जेवणाचं नाव काढणं अवघडच. आतोबा भिंतीला टेकून उभे होते. मग ते हलले. एकेकाच्या कानाशी जाऊन दोन शब्द बोलायचे, आणि दोघं-तिघं आंघोळी उरकून गुपचूप जिना उतरायचे. आधी साताऱ्याचे मधुमेहवाले काका, मग बाया, मग पोरं. एकदम घोळका निघाला नाही, घर ओस पडलं नाही. मी शेवटच्या तुकडीत होतो. मागच्या गल्लीतली साधी खानावळ, फळीवर देवाची तसबीर, तवा तापलेला. मालकाने काही न विचारता पोळी, उसळ, आमटी-भात वाढला. ताटात गोड काही नव्हतं. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशीच्या जेवणात शिरा लिहिलेला होता, म्हणून मी मालकाकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, “गोड वाढायचं नाही, असं सांगून गेलेत ते.”

त्या रात्री आतोबांचा ‘मग?’ म्हणून फोन आला नाही.

आता गेल्या दिवाळीपासून त्यांच्याच इमारतीच्या फाटकाशी एका मुलाने मोमोची गाडी लावली आहे. सुरुवातीला आतोबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. मग नाक मुरडलं. “हे म्हणजे मैद्याचे मोदक, आत नारळाचा पत्ता नाही.” मग सोसायटीच्या सभेत त्यांनी गाडी हलवण्याचा ठराव मांडला, आणि पुढच्या सभेत तो स्वतःच मागे घेतला, का, ते कुणाला कळलं नाही. परवा मी आत्याकडे गेलो, तर आतोबा गाडीपाशी, वाफेच्या भांड्याशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेले. मला पाहून जरा चपापले, पण क्षणभरच.

“गाव कालिम्पाँग आहे त्याचं,” ते म्हणाले. “वाफेवरचेच घे, तळलेले इथे खायचे नसतात. चटणी वेगळी माग, वरून घालू देऊ नकोस. आणि मंगळवारी येऊ नकोस. मंगळवारी त्याचा भाऊ असतो, त्याचा हात जड आहे.”

मी प्लेट घेतली. आतोबा मान किंचित पुढे काढून माझ्या तोंडाकडे पाहू लागले.