बेअरिंग गेलंय, टब बदला

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या बाथरूममधून एसटी गेली. निदान आवाज तरी तसाच होता. वॉशिंग मशीनचा स्पिन सुरू झाला आणि कात्रजचा घाट चढणारा जुना लाल डबा घरात शिरल्यासारखं वाटलं. आमचे बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, ‘‘बेअरिंग गेलंय.’’

हे निदान फुकट मिळालेलं असल्यामुळे घरात कुणी मनावर घेतलं नाही. कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो तिसऱ्या दिवशी आला. त्याने मशीनचं दार उघडलं, आतल्या ड्रमच्या वरच्या कडेला चार बोटं लावून तो वर उचलला, सोडला. खडखड. मग मोबाइलवर बरंच काही टाइप करून म्हणाला, ‘‘सर, बेअरिंग गेलंय.’’ या वाक्याचे पाचशे नव्वद रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. बाबांनी एवढी वर्षं अशी वाक्यं पगारातच म्हटली, याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दुःख झालं.

‘‘मग बदला बेअरिंग,’’ मी म्हणालो.

‘‘ते सुटं बदलता येत नाही सर. टब सील्ड आहे. पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल. अकरा हजार आठशे. लेबर वेगळं.’’

‘‘अहो, एसटीत बेअरिंग गेलं तर आम्ही बेअरिंग बदलायचो,’’ बाबा म्हणाले. ‘‘गाडी नाही.’’

प्रकार असा असतो. ड्रमच्या मागे एक रबरी सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, ग्रीस धुऊन नेतं आणि बेअरिंग गंजतं. म्हणजे जे मशीन आमच्या कॉलरवरचा मळ काढताना कुरकुरतं, ते स्वतःचं ग्रीस मात्र लख्ख धुऊन काढतं. पूर्वी टबचे दोन अर्धे स्क्रूने जोडलेले असत. खोला, बेअरिंग ठोका, बंद करा. आता बऱ्याच मशीनांत ते अर्धे वितळवून एकजीव केलेले असतात. त्यामुळे बेअरिंग सहा-सातशेचं आणि त्याच्यापर्यंत पोचायचं भाडं बारा हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आपण ऐकून होतो. इथे कोंबडीबरोबर खुराडंही विकत घ्यावं लागतं.

मी वॉरंटी कार्ड काढलं. त्यावर ठळक अक्षरात ‘दहा वर्षं’ होतं. त्याने कौतुकाने वाचलं. ‘‘ही मोटरवर आहे सर. मोटर ठणठणीत आहे तुमची.’’ ज्या दाताला कधी कीड लागत नाही, नेमका त्याच दाताचा विमा आमच्याकडे होता.

त्या रात्री घरात बैठक बसली. बाबा दुरुस्ती पक्षाचे. चिरंजीव नवीन मशीन पक्षाचे.

‘‘नवीन मशीन वायफायवर चालतं. ऑफिसात बसून चालू करता येतं,’’ चिरंजीव म्हणाले.

‘‘आणि कपडे आत कोण टाकणार?’’ बायकोने विचारलं. या मुद्द्यावर कंपनीचं संशोधन अजून चालू असावं.

बायको हिशेबाच्या पक्षाची. तिच्याकडे एक नियम होता: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर नवीन घ्यावं. नवीन चौतीस हजारांचं, दुरुस्ती सव्वातेरा हजार. नियम दुरुस्तीच्या बाजूने होता. पण मशीन सात वर्षांचं. उद्या टब बदलला आणि परवा सर्किट बोर्ड गेला तर? हा प्रश्न फोनवरून त्या माणसालाच विचारला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, मशीन आहे.’’ एवढ्या दोन शब्दांत सगळं तत्त्वज्ञान सांगून सगळी जबाबदारी झटकणारी आमच्या माहितीतली दुसरी संस्था म्हणजे महापालिका.

सरकारही स्वस्थ बसलेलं नाही. २०२२ च्या जुलैत केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. तिकडे फ्रान्समध्ये २०२१ साली मशीनवर दहापैकी गुण लिहिणं सक्तीचं झालं, ते किती सहज दुरुस्त होईल याचे. युरोपात सुटे भाग दहा वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियमच आहे. हे मी बैठकीत वाचून दाखवलं. ‘‘मग फ्रान्समधून बेअरिंग मागवा,’’ बायको म्हणाली.

अशा तीन बैठका झाल्या, तीन आठवडे गेले. या काळात कपडे मात्र रोज धुतले जात होते, कारण पहिल्याच दिवशी आम्ही कामाला येणाऱ्या मावशींना म्हणालो होतो, ‘‘दोनच दिवस हं, मावशी.’’ चादरी, जीन्स, बाबांचे लेंगे. नवव्या दिवशी मोरीतून आवाज आला, ‘‘दादा, तुमच्यात दोन दिवस केवढ्याला मोजतात?’’ दुरुस्ती की नवीन हा प्रश्न इतक्या शांतपणे चर्चिता येतो, तो कुणाच्या तरी मनगटांच्या जोरावर. महिन्याला आठशे रुपये जास्त ठरले. या साऱ्या प्रकरणात कोटेशन न फिरवता दिलेला हा एकमेव आकडा.

शेवटी बाबांनी गुपचूप तपकीर गल्लीतून एक कारागीर आणला. त्याने मशीनकडे पाहिलंही नाही, नुसतं ऐकलं. बाबांना पहिल्यांदाच बरोबरीचा माणूस भेटला. ‘‘टब करवतीने कापू, बेअरिंग आणि सील टाकू, कडेने स्क्रू मारून सिलिकॉन भरू. साडेतीन हजार.’’

‘‘गॅरंटी?’’ बायकोने विचारलं.

‘‘माझी.’’

‘‘आणि तुमची?’’

करवत हा शब्द ऐकल्यावर चौतीस हजार एकदम सुसंस्कृत वाटू लागले. त्यात एक्स्चेंज ऑफर होती. ही ऑफर आपल्याला नवी नाही. दोन जरीच्या साड्या आणि एक कोट घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण दारात बसून हाच धंदा करायची. फरक एवढाच, की बोहारणीशी आई तासभर घासाघीस करत असे. इथे ‘दीड हजार’ असं स्क्रीनवर उमटलं आणि आम्ही ओके दाबलं.

नवीन मशीन आलं. जुनं उचलायला दोघे आले. जिन्याच्या वळणावर टेकताना एकाने ड्रमला चार बोटं लावली, उचलला, सोडला. खडखड.

‘‘काका, एवढंच झालंय ना? आमच्या ओळखीतला एकजण टब कापून बसवून देतो. अजून पाच वर्षं चालेल. आरामात आठ हजारांना जातं.’’

आमच्या दाराच्या आत जे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, ते दीड मजला उतरल्यावर दुरुस्त होण्यासारखं झालं होतं. मधे फक्त मालक बदलला होता.

नव्या मशीनच्या मोटरवर बारा वर्षांची वॉरंटी आहे. बाकी सगळ्यावर दोन. स्पिन इतका शांत, की मावशी दोनदा विचारून गेल्या, चालू आहे ना. बाबा रोज सकाळी पेपर घेऊन बाथरूमच्या बाजूच्या खुर्चीत बसतात. पान उलटत नाही. अजून त्यांना काही ऐकू आलेलं नाही. पण दोन वर्षं व्हायची आहेत, त्यांना घाई नाही.