ओळख असू द्या : होतकरूंसाठी कोल्हापूर विभागाची मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका इंजिनिअरिंगची पदवी, इस्त्रीचे दोन शर्ट आणि लिंक्डइनवरची पाचशेच्या वर कनेक्शन्स घेऊन कोल्हापुरात नोकरीला लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या उमेदवारांसाठी आहे. व्यावसायिक संबंध जोपासण्याचे उपाय सांगणारी पुस्तकं स्टेशनवर मिळतात. लिफ्टमध्ये साहेब भेटले तर तीस सेकंदांत आपली ओळख करून द्यावी, असं त्यांत लिहिलेलं असतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या शेडना लिफ्ट नसते. शिवाय तीस सेकंदांत इथं ‘या, बसा की’ एवढंच म्हणून होतं.

उमेदवाराने पहिल्यांदा हे ध्यानात घ्यावं की कोल्हापुरात ओळख कुणी करून देत नाही, ती काढली जाते. व्हिजिटिंग कार्ड पुढं केलंत तर ते दोन्ही हातांनी घेतलं जाईल, उलटंपालटं करून पाहिलं जाईल आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जाईल. मग खरी मुलाखत सुरू होते.

‘गाव कुठलं म्हणायचं?’

‘राधानगरीजवळ.’

‘जवळ म्हंजे?’

इथं टाळाटाळ करू नये. जिल्ह्यात तालुके बारा, आणि समोरच्याचं पावणं बाराही तालुक्यांत पसरलेलं असतं. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की ‘कुठल्या पाटलांपैकी?’, आणि चौथ्या प्रश्नाला तुमच्या मामाचा साडू त्यांच्या चुलत्याच्या शेजारी ऊस लावतो हे सिद्ध होतं. नाशिक-नागपूरच्या उमेदवारांनी धास्ती घेऊ नये. ‘नाशकात आमची पुतणी दिलीय’ हे वाक्य त्यांच्यासाठीच राखून ठेवलेलं असतं. ज्याची ओळख निघालीच नाही असा उमेदवार अजून आमच्या पाहण्यात आलेला नाही. मात्र हा प्रकार म्हणजे नुसत्या गप्पा आहेत असं समजू नये. संध्याकाळपर्यंत दोन फोन होतात आणि तुमचा बायोडेटा तपासून पुरा होतो. पुण्यामुंबईच्या कंपन्या याच कामासाठी एजन्सी नेमतात आणि पैसे मोजतात.

फुटबॉलबद्दल सावध राहावं. बाहेरून येणारा कुस्तीची तयारी करून येतो, खासबागेचं नाव पाठ करतो, आणि शाहू स्टेडियमवर सामना चालू असताना बेसावध सापडतो. पेठांचं खरं वैर चेंडूवरून चालतं. तुमचा वरिष्ठ पाटाकडील तालमीचा, त्याचा वरिष्ठ दिलबहार तालमीचा, आणि तुम्ही दोघांच्या मधे फाइल धरून उभे, अशी वेळ येऊ शकते. ‘मला फुटबॉलमधलं काही कळत नाही’ हे उत्तर चालतं. ‘दोन्ही संघ चांगले आहेत’ हे चालत नाही.

संबोधनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : साहेब, मालक, दादा, भावा. ‘भावा’वर समाधान मानणारे पुष्कळ असतात, पण त्याच्यावर आणखी एक पायरी आहे. ज्या दिवशी कुणीतरी प्रेमाने, चारचौघांत, तुमच्या खानदानाचा उद्धार करत ‘आरं बस की’ म्हणेल त्या दिवशी नोकरी पक्की झाली असं धरावं. कागदोपत्री ती सहा महिने आधी झालेली असली तरीही.

आता खाण्याविषयी. मिसळीच्या बिलावरून होणारी झटापट ही संबंधांची पहिली परीक्षा असते. लगेच हरणारा कंजूष ठरतो आणि दर वेळी जिंकणारा शिष्ट. तीनदा हरून चौथ्यांदा जिंकावं, तेही हात धुवायला जातो म्हणून उठून आधीच गल्ल्यावर पैसे देऊन. ‘जेवायला या’ याचा अर्थ मटण असा आहे. पोळी-भाजीला त्या नावाने कुणी बोलावत नाही. शाकाहारी उमेदवाराने हे पहिल्या दिवशीच जाहीर करावं, म्हणजे त्याच्यासाठी वेगळा बटाटा शिजवला जाईल आणि पुढची वीस वर्षं त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं जाईल. म्हाईचा, म्हणजे गावोगावच्या मटणाच्या पंगतींचा, हंगाम आला की रजेचा अर्ज बाजूला ठेवावा, कारण रजा देणारा साहेबही त्याच पंगतीत तांबड्या-पांढऱ्या रश्शापुढे बसलेला सापडतो. तिथं पदोन्नतीचा विषय काढू नये. काढलाच तर वाढप्या तुमच्या ताटावरून पुढं निघून जाईल, आणि ही निव्वळ योगायोगाची गोष्ट नसेल.

नवशिके इथंच, घाईमुळे, घसरतात. फौंड्रीत काम केलेल्याला हे समजवावं लागत नाही. वाळूत ओल राहिली की धातू ओतताना वायू आत कोंडतो. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं, मशीनवर चढतं, पहिला कट लागतो आणि ब्लो होल उघडं पडतं. सगळा लॉट परत. ओळखीतली ओल म्हणजे घाई. ती उद्यमनगरच्या कारखान्यांत कुणाच्याही डोळ्यांना दिसते. शेजारच्या शेडमधून मायक्रोमीटर मागून नेणं, आपलं ग्राइंडिंगचं काम पलीकडच्याला देणं आणि त्याचं टर्निंग आपण करून देणं, यावर तिथला अर्धा धंदा उभा आहे. परत करताना मायक्रोमीटर पुसून देतो की नाही, एवढ्यावर माणसाची किंमत ठरते.

म्हणून प्रगत अभ्यासक्रमात आम्ही ज्या ठिकाणी काहीही मिळण्याची शक्यता नाही अशा ठिकाणी हजर राहण्यावर भर देतो. यातलं सर्वोच्च ठिकाण म्हणजे पंचगंगेच्या स्मशानभूमीतलं रक्षाविसर्जन. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटा फोटो आणि खाली ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी’ अशी ओळ असते. कोल्हापूरकर पहिलं पान चाळतो आणि हे पान वाचतो. उमेदवाराने कचेरीतल्या खणात एक पांढरी टोपी ठेवावी. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी जावं, मागं उभं राहावं, मोबाईल खिशात ठेवावा. मयताचा मुलगा कारखान्याचा मालक असेल तर आणखी मागं उभं राहावं. ‘मी अमुक कंपनीत’ असं तिथं सांगायचं नसतं. तुम्ही आला होतात हे त्यांना माहीत असतं. कसं, ते आम्हालाही सांगता येणार नाही. गर्दीत डोकं खाली घालून उभा असलेला मुलगासुद्धा कोण आलं आणि कोण आलं नाही याची नोंद ठेवतो, आणि ती नोंद कुठल्याही हजेरीपटापेक्षा जास्त टिकते.

जाणकार लोक तिथं उभ्याउभ्या एक हिशोबही करतात. पदं, पुरस्कार, डिजिटल फलकावरचे शुभेच्छुक हे सगळं जमेला न धरता माणसानं आयुष्यात काय कमावलं ते त्या सकाळच्या गर्दीवरून ठरवतात. लांबचा प्रवास करून आलेला एखादा जुना टर्नर तिथं चार आमदारांवर भारी पडतो.

याच विभागात गुंतवणुकीची एक संधी आहे. इथं महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणींना लोकांच्या दानाचाही हातभार असतो. होळी लहान करा आणि शेणी दान करा, अशी आवाहनं दरवर्षी होतात. करिअरच्या दृष्टीने शेणीदानाला तोड नाही, कारण याचा मोबदला मागायला लाभार्थ्याकडे जाता येत नाही. ज्यांना परतफेडीची सवय आहे त्यांनी इथून सुरुवात करावी.

नमुन्यादाखल एक प्रकरण देतो, कारण मार्गदर्शिकेत नमुना लागतोच. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा घडवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी तो एकट्याने पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कंपनीत व्यवस्थापक होते बाबूराव पेंढारकर. त्यांचा मावसभाऊ शांताराम वणकुद्रे याच सुमारास तिथं दाखल झाला. म्हणजे सरळ सरळ वशिला. पण वशिल्याने मिळालं काय, तर पडेल ते काम. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर अशी माणसं त्याच आवारात खपत होती. सेट रंगवताना, फिल्म धुताना, कॅमेऱ्यामागे उभं राहताना कोण चुकारपणा करतो आणि कोण रात्र काढतो हे एकमेकांना कळायला वर्षं मिळाली. 1 जून 1929 रोजी शांताराम धरून या चौघांनी, पाचवे सीतारामपंत कुलकर्णी यांना घेऊन, प्रभात फिल्म कंपनी काढली. चौघांकडे हात होते, पाचव्याकडे पैसे. पुस्तकवाले याला टीम बिल्डिंग म्हणतील. जुन्या मालकांच्या खुर्चीत बसून पाहिलं तर दुसरा शब्द सुचेल, आणि व्यावसायिक संबंधांचं सर्वांत ठळक फळ म्हणजे सगळ्यांनी मिळून राजीनामा देणं, हे कुठल्याच पुस्तकात का लिहीत नाहीत ते उमगेल.

हिशोब इथं संपत नाही. पोरवयात शांताराम गंधर्व नाटक मंडळीत होता. 1913 साली निघालेल्या त्या मंडळीच्या तीन भागीदारांपैकी एक होते गोविंदराव टेंबे. 1932 साली कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट केला तेव्हा राजा हरिश्चंद्र झाले ते हेच टेंबे. कुणी कुणाकडे कार्ड पाठवलं नव्हतं. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि चांगलं काही जमलं की ते पुण्याला जातं हा कोल्हापूरचा समज तेव्हापासून पक्का आहे. दामले-फत्तेलाल मात्र जोडीने राहिले, जोडीने ‘संत तुकाराम’ केला, आणि 1937 साली तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. कंपनीत त्या दोघांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. ज्या कंपनीत डायरेक्टरला मामा म्हणता येतं तिथं मनुष्यबळ विभागाला काय काम उरत असेल, हा अभ्यासाचा विषय आहे.

ओळखीचं इतकं कौतुक केल्यावर एक धोक्याची पाटी लावणं भाग आहे. शाहू महाराज 1894 साली गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 एकाच जातीकडे होत्या. म्हणजे ओळखीने नोकरी लावण्याची पद्धत इथं पूर्णत्वाला पोचली होती; ज्याचं पावणं आत नाही त्याला दार कुठं आहे हेही माहीत नव्हतं. महाराजांनी त्यावर उपाय केला तो मार्गदर्शिका छापून नव्हे. 26 जुलै 1902 रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखण्याचा हुकूम निघाला, आणि स्वतः महाराज तेव्हा विलायतेत होते. त्याआधीच, 1901 पासून, त्यांनी जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती. दसरा चौकाच्या आसपास त्यांतली काही आजही उभी आहेत. खेड्यातल्या पोराला शहरात पहिल्या रात्री अंग टाकायला जागा आणि शेजारी झोपणारा एक मित्र मिळाला, की ओळख नावाची गोष्ट त्यालाही परवडू लागते.

आणि गंगाराम कांबळे. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेला हा माणूस महाराजांच्या आधाराने भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढतो, आणि महाराज लवाजमा घेऊन तिथं थांबतात, चहा मागवतात, स्वतः पितात आणि सोबतच्यांनाही पाजतात. राजा पितोय म्हटल्यावर सोबतच्यांना कप खाली ठेवता येत नाही. बड्या माणसाशी ओळख असण्याचे फायदे सगळे सांगतात; बड्या माणसाने आपली ओळख कुणाच्या दारात नेऊन खर्च करावी, याचं यापेक्षा स्वस्त आणि महाग उदाहरण आम्हाला माहीत नाही. ज्या उमेदवारांना पुढं साहेब व्हायचं आहे त्यांनी हा परिच्छेद कापून खणात, टोपीशेजारी ठेवावा.

परदेशी उमेदवारांसाठी स्वतंत्र पुरवणी काढायचा विचार होता, पण एक उदाहरण पुरेल. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी घालून पोरं चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंब झाली, आणि जुलैत त्यांची माणसं इथं कारागिरांना भेटायला आली. आधी चप्पल उचलायची आणि मग घर विचारत यायचं, हा क्रम आमच्या अभ्यासक्रमात नाही.

शेवटी करिअर पुढं नेण्याविषयी, कारण मार्गदर्शिकेकडून तीच अपेक्षा असते. वरील सर्व पायऱ्या मनापासून पार केल्यात, तर पाचेक वर्षांत अशी अवस्था येईल की कोल्हापूर सोडणं तुम्हाला जमणार नाही. दोन म्हाया, एक वास्तुशांत आणि मंडळाची वर्गणी गोळा करायची जबाबदारी अंगावर असताना कुणी चाकणला जात नाही. तरीही जायचंच असेल तर गुपचूप अर्ज करू नये. मायक्रोमीटरवाल्या शेजाऱ्याला सांगावं. तो आधी ‘इथं काय कमी पडलं रं?’ म्हणून चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी एक नंबर लिहून देईल. चाकणच्या काचेच्या केबिनमध्ये समोरचा साहेब इंग्रजीत सुरुवात करेल, तुमचा बायोडेटा हातात घेईल, पहिल्याच ओळीवर थांबेल आणि खुर्ची पुढं ओढून विचारेल, ‘कागल म्हंजे गावातलं का एमआयडीसीतलं?’ इथं उमेदवाराने प्रमाणपत्रांची फाइल पिशवीत परत ठेवावी आणि गावाचं नाव सांगावं.