दुखणं शंभरपैकी किती?

वेचणीचा हंगाम सरला की वऱ्हाडातल्या कमरा बोलू लागतात. त्यातल्या काहींची कळ नस दुखावल्याने थेट पायात उतरते आणि वर्षानुवर्षं मुक्काम करते. अशा हट्टी कळेवर एक इलाज आहे. मज्जारज्जूजवळ बारीक तार आणि कातडीखाली बॅटरीची डबी. तारेतून सौम्य वीज जाते, मेंदूकडे निघालेली कळ वाटेत अडवली जाते. पहिलं रोपण अमेरिकेत १९६७ साली झालं. आपल्याकडे खर्च आजही लाखांत, आणि बॅटरी संपली की पुन्हा टेबलावर.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ साली सरकारी पैशातून हे यंत्र द्यायला मान्यता दिली, ती अटी घालून. दुखणं शंभरपैकी किमान पन्नास हवं, बाकी उपाय करूनही सहा महिने टिकलेलं हवं, आणि आधी तात्पुरती तार घालून गुण येतो का ते पाहायचं. शेवटची अट अकोल्यात समजावून सांगायला डॉक्टर कशाला, कृषी सहायक पुरे : सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवा, सत्तर उगवले तरच पेरा.

पहिली अट मात्र इथे अवघड. आमची काकू उलट विचारेल, “तूच सांग बापा, किती सांगू म्हंजे औषध भेटते?”

तिकडे ब्रिटनमध्ये तेव्हा धडधाकट आयुष्याच्या एका वर्षासाठी वीस-तीस हजार पौंड मोजायची तयारी होती. त्या हिशेबात यंत्र बसलं. पण २०२३ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने कंबरदुखीपुरतं सांगितलं, की सहा महिन्यांनी नकली उपचारापेक्षा यात बहुधा जास्त काही मिळत नाही. शिवाय यंत्राचं मोठं गिऱ्हाईक कोण? मणक्याचं ऑपरेशन होऊनही ज्याची कळ गेली नाही, तो. म्हणजे आधी कापायचे पैसे, मग कापून न थांबलेल्याचे.

महाग यंत्राला निदान प्रश्न तरी विचारले जातात. चौकातली सुई, कमरेचा पट्टा आणि मूठभर गोळ्यांना कोणी काही विचारत नाही, कारण ते स्वस्त. बुडालेली रोजी, बिघडलेलं पोट आणि दमलेलं मूत्रपिंड या हिशेबात धरायचं नसतं.

आपल्याकडे ऑपरेशनचा खर्च उचलणारी राज्य सरकारची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होतं. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. पैसे मात्र पॅकेजला मिळतात, गुणाला नाही.

म्हणून मागणी साधी. मणक्याला हात लावला, की सहा महिन्यांनी बाईला एक फोन लावा : “काकू, वाकता येते काय?” उत्तर ‘नाही’ आलं, तर रुग्णालयाचा शेवटचा हप्ता अडवा. मग बघा, किती मणके ऑपरेशनशिवायच बरे होऊ लागतात!