रियासतीवर ब्लेड चालवणाऱ्या वाचकास

महाशय,

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून हे पत्र खुलं. नाव कळलं असतं तर घरी येऊन दार वाजवलं असतं.

नेरूळमधल्या आमच्या छोट्या वाचनालयात ‘मराठी रियासत’ आहे. गोविंद सखाराम सरदेसाईंची, स. मा. गर्गे यांनी संपादित केलेली, पॉप्युलरची आठ खंडांची आवृत्ती. तिच्यातल्या बाजीराव-चिमाजीअप्पांच्या खंडातून वसईच्या मोहिमेची पानं तुम्ही कापून नेलीत. ओढून फाडली असती तर शिवणीत चिंध्या राहिल्या असत्या. तुमची कड मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका रेषेत आहे. पट्टी लावलीत, नवं ब्लेड घेतलंत, खालचं पान चिरू नये म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवलात. एवढी सवड असलेल्या माणसाला मजकूर हातानं उतरवून घेता आला असता. खिशातल्या फोननं फोटो काढता आले असते. वाचनालयाच्या खाली, जिन्यालगत, झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं वडापावच्या पैशात काम झालं असतं. यांतलं तुम्ही काहीच केलं नाहीत. मग तो मजकूर तुमच्यामागून येणाऱ्या कुणाला मिळू नये, एवढीच तुमची इच्छा उरते.

खंडाच्या आतल्या बाजूला तारखांची पट्टी चिकटवलेली आहे, ती ग्रंथपाल ताईंनी मला दाखवली. कादंबऱ्यांच्या पट्ट्या भरून दुसऱ्या डकवाव्या लागतात. या पट्टीवर मोजके शिक्के, आणि दोन शिक्क्यांमध्ये कधी कधी वर्षांचं अंतर. ताई म्हणाल्या, ‘‘पोरं मासिकातले नटनट्यांचे फोटो कापतात हो. हे काम पोरांचं नाही.’’ बरोबर आहे त्यांचं. टवाळ माणूस रियासत उघडत नाही, आणि उघडलीच तरी तिसऱ्या पानावर मिटतो. तुम्ही त्या पानांपर्यंत पोचलात याचा अर्थ तुम्ही आमच्यातले आहात. मला राग आहे तो याचाच. वाळवी लागली असती तर मी फवारणीचे पैसे दिले असते आणि गप्प बसले असते.

त्या पानांपर्यंत पोचायला काय लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको, तरी सांगते. बाकीच्यांनाही कळू दे. रियासत वाचणं कष्टाचं आहे. सरदेसाई वाचकाला मांडीवर घेत नाहीत. चौथाई आणि सरदेशमुखी यांचे हिशेब येतात, सनदा येतात, एकाच आडनावाचे चार सरदार येतात, आणि त्यांतला कोण शाहूंकडचा, कोण कोल्हापूरकडचा, कोण निजामाकडे गेलेला, हे लक्षात ठेवता ठेवता मागचं पान परत उलटावं लागतं. १७२८ साली पालखेडला निजामाची कोंडी होते तेव्हा जरा श्वास मोकळा होतो, तोच मुंगी-शेवगावच्या तहाची कलमं सुरू होतात. पुढे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडतात आणि मराठ्यांनीच मराठ्यांना मारल्याची ती बोच घेऊन आपण पान उलटतो. मग जंजिऱ्याच्या सिद्दीशी वर्षानुवर्षांचं भांडण. या सगळ्यातून वाट काढली की वसई.

हे सगळं मी एका बैठकीत वाचलेलं नाही. तसं ते वाचूही नये. लांबलचक इतिहास दिवसांत विरघळवून घ्यावा लागतो, आणि ते दिवस आपल्या छोट्या छोट्या सुखांनी धरून ठेवतात. पालखेड मी पावसाळ्यात वाचलं. नेरूळ स्टेशनबाहेर उकडलेल्या शेंगांचा कागदी पुडा घ्यायचा, गरम शेंगेतलं खारट पाणी जिभेवर येईतो एक परिच्छेद, मग दुसरा. डभईपर्यंत आले तेव्हा तुर्भ्याच्या बाजारात हापूसच्या पेट्या उतरत होत्या आणि गाडी तिथून जाताना डब्यातली सगळी माणसं एकाच वेळी नाक वर करत होती. तहाच्या कलमांवर डोळे मिटायला लागले की मी दिवाळे गावच्या बाजारात जाते, ओले बोंबील घेते, रवा लावून तळते आणि जेवून उठल्यावर ती कलमं पुन्हा पहिल्यापासून वाचते. काही लोकांना वाटतं, अशी सुखं वाचनाच्या आड येतात. माझा अनुभव असा की त्यांच्याशिवाय जाड इतिहास संपत नाही. कंटाळवाण्या वीस पानांनंतरचा कटिंग चहा जसा लागतो तसा नुसता बसून प्यालेला लागत नाही, आणि तो चहा पुढे दिसत असतो म्हणून ती वीस पानंही नीट, एकही नाव न गाळता वाचून होतात. माझ्या ओळखीत पुष्कळ जण इतिहास दहा मिनिटांच्या व्हिडिओत उरकतात. वसईची लढाई त्यांना एका वाक्यापुरती माहीत असते: तोफेच्या तोंडी डोकं देण्याचं चिमाजीअप्पांचं ते प्रसिद्ध वाक्य. वाक्य सगळ्यांना पाठ, वेढा कुणालाच माहीत नाही.

तो वेढाच तुम्ही नेलात.

आता तुम्ही नेमकं काय नेलंत ते नवी मुंबईच्या माणसाच्या नजरेनं बघा. आम्हाला सतत ऐकवलं जातं की तुमच्या शहराला इतिहास नाही. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली, तिथून पुढे सगळं सेक्टर आणि नोड. मी रोज हार्बरच्या गाडीनं वाशीची खाडी ओलांडते. खिडकी मिळाली तर हिवाळ्यात खाजणात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसते, आणि त्यासाठी मी दोन गाड्या सोडायला तयार असते. पण हीच ठाण्याची खाडी. उत्तरेला हिच्याच काठावर ठाण्याचा किल्ला, पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि मराठे आले तेव्हाही अपुरा असलेला. दक्षिणेला बेलापूरचा किल्ला, जो सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या हातांतून फिरला. त्याचे उरलेसुरले बुरूज आजही झाडीत उभे आहेत आणि खाली कोळ्यांच्या होड्या लागतात. आठ खंडांत अटक आहे, दिल्ली आहे, तंजावर आहे. आमच्या अंगणातलं पाणी ज्या पानांवर आहे ती हीच, जी तुम्ही नेलीत.

त्या पानांवर असं काय आहे, हे बघायला मी ठाण्याला गेले. सुट्टीच्या दिवशी ट्रान्स-हार्बरनं, पारसिकच्या डोंगराच्या कडेनं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा आला १९६७ साली, त्याच्या कितीतरी आधी लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं. तिथं बसून मी तुमची पानं वाचली. मार्च १७३७. बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकतात, आणि त्याच महिन्यात इकडे चिमाजीअप्पांचे लोक ठाण्याचा अपुरा किल्ला घेतात. पुण्याच्या दोन भावांपैकी एक यमुनेकाठी, दुसऱ्याची माणसं खाडीकाठी. पोर्तुगिजांची वसई मात्र लगेच हाती येत नाही. पहिले हल्ले फसतात. हंगाम जातो, पाऊस येतो, फौज मागे येते, पुन्हा जमते. १७३९ च्या सुरुवातीला वेढा आवळला जातो, आणि तो चालू असतानाच उत्तरेत नादिरशहा दिल्लीत शिरतो आणि बाजीरावांना भावाची फौज तिकडे हवी आहे. इकडे पावसाळा तोंडावर. तटाखाली सुरुंग खणले जातात, काही उडतात, काही आपल्याच माणसांवर उलटतात. सेबास्तियन बुरुजाला भगदाड पडतं, आत घुसलेले मारले जातात, पुन्हा घुसतात. शेवटी मे महिन्यात किल्ला शरण येतो आणि आतल्या लोकांना सन्मानानं बाहेर पडू देण्याच्या अटी ठरतात. त्या अटी मी दोनदा वाचल्या. हजारो माणसं गमावल्यानंतर जिंकणाऱ्यानं असं वागावं, हे मला त्या तोफेच्या वाक्यापेक्षा मोठं वाटतं. आणि या सगळ्याच्या मागे पैसा कसा नव्हता, सावकारांच्या तगाद्यानं बाजीराव किती पिचले होते, हे त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांतून दिसतं. जिंकल्यानंतर एका वर्षात, १७४० च्या एप्रिलमध्ये, नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि त्याच डिसेंबरात चिमाजीअप्पाही.

वाचून झाल्यावर मी ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत चालत गेले. आत आता मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तट बाहेरूनच बघायचा. वाटेत एका टपरीवर चहा घेतला. तो चहा अजून आठवतो. वसईच्या मोहिमेतून आलेल्या पोर्तुगीज घंटा मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या आहेत. त्या लोक बघतात, हात लावतात, पोरांना दाखवतात. लढाईत जिंकून आणलेली वस्तूसुद्धा चारचौघांत टांगली गेली. तुमची लूट कुठे आहे? कपाटात, कपड्यांखाली?

मला सगळ्यात जास्त लागलं ते सरदेसाईंसाठी. हा माणूस १८८९ साली बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत गेला. राजपुत्रांना शिकवताना मराठीत इतिहासाची धड पुस्तकं नाहीत हे बघून स्वतः लिहायला बसला. १८९८ मध्ये मुसलमानी रियासत, १९०२ मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग, आणि मग नवं साधन सापडलं की जुनं लिहिलेलं पुन्हा तपासायचं, चुकलं असेल ते बदलायचं. पासष्टाव्या वर्षी, जेव्हा माणसं नुसती हवा खात बसतात, तेव्हा त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल सोडवायला घेतले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. मोडीतला एकेक कागद. त्यांच्या आधी इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून, ओलीतून, वाळवीतून पत्रं वाचवत होते. त्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातून झाले. दोन पिढ्यांनी कुजणारा कागद वाचवला, लावला, छापला, आठ खंडांत ओवला, तो खंड वर्गणीच्या पैशांतून नेरूळच्या एका खोलीत येऊन पडला. आणि तिथं तुम्ही, महाशय, खाली पुठ्ठा धरलात.

तुमच्या हाती तरी काय लागलं? पालखेड वाचनालयात राहिलं. नादिरशहाच्या स्वारीनंतरचं सगळं वाचनालयात राहिलं. शाहूंचा शेवट, नानासाहेब, पानिपत, माधवराव, सगळं त्या कपाटात आहे. तुमच्याकडे एक मोहीम आहे, जिला मागचं कारण नाही आणि पुढचा परिणाम नाही. तुम्ही कुठल्या व्याख्यानासाठी नेली असेल, कुठल्या लेखासाठी, किंवा नुसतीच आवडली म्हणून. आवडली असेल तर ते मला कळतं. आवडलेल्या पानापाशी मीही थांबते, खिडकीतून खाडी बघते आणि ते पान पुन्हा वाचते. पण मुदत संपली की खंड परत नेऊन देते, कारण माझ्या आधीच्या कुणीतरी तो परत आणून दिला होता. त्या माणसानं शाहूंच्या प्रकरणात एक चुकलेली तारीख पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं दुरुस्त केली आहे आणि एका जागी बसचं जुनं तिकीट ठेवलंय. त्याच्याशी माझी ओळख नाही, पण मी ते तिकीट हलवलेलं नाही.

आता कामाचं बोलते. ठाण्याहून मी त्या पानांच्या झेरॉक्स आणल्या आहेत. खंड सध्या तुर्भ्याच्या एका बाइंडरकाकांकडे आहे. ते म्हणाले, ‘‘मूळ पानं आली तर पट्टी लावून अशी बसवतो की हाताला लागणार नाही. झेरॉक्स बसवली तर खंड फुगणार.’’ मी त्यांना थोडं थांबायला सांगितलंय. फार थांबवता येणार नाही, कारण आमच्या वाचनालयात नववीतली एक मुलगी रियासत वाचते आहे. पहिला खंड तिनं दोनदा मुदत वाढवून संपवला, आता दुसऱ्यावर आहे. शाळा, क्लास, आणि त्यातून उरलेल्या वेळात, बहुतेक वेळा वाचनालयाच्या पायरीवर बसून, हातात चिंचेची गोळी. ताईंनी तिचं नाव पुढच्या खंडांसाठी वहीत आधीच लिहून ठेवलं आहे. ती दिवाळीनंतर त्या खंडाशी पोचेल असा अंदाज आहे.

वाचनालयाच्या दाराला पुस्तकं परत टाकायची पेटी आहे. ती रात्रीही उघडी असते आणि तिथं कॅमेरा नाही, हे मी स्वतः जाऊन बघितलंय. पानं मोठ्या पाकिटात सपाट ठेवा, घडी घालू नका. पाकिटावर नाव लिहायची गरज नाही. ताई मंगळवारी सकाळी पेटी उघडतात.

नेरूळची एक सभासद