अडचणीच्या अलीकडे

स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांचा, ती घेणाऱ्याच्या नशिबावर फार भरवसा असतो. इंजिनाला जागा देताना ते हात आखडता घेत नाहीत, चाकं रुंद करताना मागेपुढे पाहत नाहीत. मग जे काही उरेल त्यात दोन माणसं बसवतात आणि त्यांच्यानंतरही एखादा कोनाडा शिल्लक राहिला, तर त्याला डिकी म्हणतात. लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन तर वजनाचा हाडवैरी होता. गाडी पळवायची तर आधी तिच्यातलं काय काढता येईल ते बघा, असा त्याचा खाक्या. अशा घराण्यात जॅक, पाना आणि स्टेपनी यांची विचारपूस कोण करणार?

माझ्या भाच्यानं पुण्यात एक सेकंडहँड पोर्शा बॉक्स्टर घेतली, तेव्हापासून आमच्या घरात या विषयाचा सखोल अभ्यास सुरू आहे. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात असतं. त्यामुळे तिला डिक्या दोन, पुढची साधारण १५० लिटरची आणि मागची १३०. दोन डिक्या म्हटल्यावर ऐकणाऱ्यावर छाप पडते. बेरीज केली की ती आपल्या साध्या हॅचबॅकच्या एका डिकीएवढी भरते, आणि तीही गाडीच्या दोन टोकांना वाटलेली. या दोन कोनाड्यांत भाच्याला अख्ख्या दुर्दैवाची सोय करायची होती.

ताईनं पहिल्याच दिवशी गाडीला प्रदक्षिणा घालून विचारलं, "आणि स्टेपनी?"

स्टेपनी नाही. तिच्या जागी पंक्चर बुजवायच्या द्रावणाची एक बाटली आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. ताईच्या चेहऱ्यावर, मुलाला फसवल्याची खात्री पटलेल्या आईचे भाव होते. मी तिला समजावलं की आता सरकारचीही याला हरकत नाही. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट सोबत असेल, तर लहान मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही, असा बदल २०२० मध्ये नियमांत झाला आहे. "सरकार येणार आहे का घाटात?" ताई म्हणाली. या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

बरं, हौसेनं स्टेपनी न्यायची म्हटली तरी कुठली न्यायची? या गाडीची पुढची आणि मागची चाकं सारखी नाहीत. साध्या मॉडेलला पुढे २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मागे २३५चे. म्हणजे पंक्चर कुठल्या टोकाला होणार, हे घरून निघतानाच ठरवायला हवं. बारकी, तात्पुरती स्टेपनी नेली तर ती दोन्हीकडे चालवून घेता येईल. पण मग काढलेलं रुंद चाक ठेवायचं कुठे? मागची डिकी लहान, पुढची त्याहून विचित्र आकाराची. उरते शेजारची सीट. तिथे बसलेल्या माणसानं एक तर चिखलानं भरलेलं चाक मांडीवर घ्यावं, नाहीतर एसटीची वाट बघावी. भाच्याचं लग्न ठरायचं आहे, म्हणून या मुद्द्यावर आम्ही फार चर्चा केली नाही.

जॅकचंही असंच. गाडी जमिनीला इतकी टेकलेली, की पंक्चरवाल्याचा नेहमीचा जॅक तिच्याखाली सरकतच नाही. जाणकार मंडळी आधी लाकडाची जाड फळी चाकापुढे ठेवतात, गाडी अलगद तिच्यावर चढवतात आणि मग जॅक घालतात. म्हणजे जॅकसाठी फळी आली. अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाचा एक बोल्ट खास नक्षीचा असतो, आणि तो खोलायला त्याच नक्षीची एक बोटभर टोपी लागते. ती नसेल, तर टोलेजंग पान्यांचा संच असूनही आपण चोराच्याच रांगेत उभे. म्हणजे टोपी आली. द्रावणाच्या बाटलीवर तारीख असते, ती काही वर्षांत बाद होते, म्हणजे कॅलेंडरवर खूण आली. शिवाय ते द्रावण खिळ्याच्या भोकापुरतं. टायर बाजूनं फाटला, की ते सगळं रस्त्यावर.

सामान असं सामानाला बोलावत राहतं. बॅटरीसाठी जंप स्टार्टर घ्यावा, तर त्याच्या पोटात स्वतःची लिथियम बॅटरी. ती अधूनमधून चार्ज करायची आठवण आपण ठेवायची. आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडी आतून साठ अंशांच्याही वर तापते, ते या लिथियमला सोसत नाही. मग तो रोज काढून घरात न्यायचा आणि निघताना परत ठेवायचा. ज्या दिवशी तो घरात विसरेल त्याच दिवशी तो लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. कॉम्प्रेसर स्वतंत्र बाण्याचा वाटतो, पण त्याचीही वायर गाडीच्याच बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये जाते. टायर आणि बॅटरी एकाच दिवशी रुसल्या, तर तो आपल्यासारखाच हात बांधून उभा.

मी अर्थात धक्क्याची आठवण काढली. आमच्या पिढीचा बॅटरीपेक्षा धक्क्यावर विश्वास जास्त. चार माणसं मागे, एक आत, दुसरा गिअर, क्लच सोड! भाचा म्हणाला, "मामा, बॅटरी पार गेली असेल तर चावी ओळखणारं यंत्रसुद्धा जागं होत नाही. धक्का मारून गाडी फक्त पुढे जाईल." पुढे जाणं हाच गाडीचा उद्देश नाही का, असं मी विचारणार होतो, पण राहू दिलं.

अखेर त्यानं सगळं एका पिशवीत नीट भरलं आणि पुढच्या डिकीत, बॅटरीला लागून ठेवलं. बॅटरीचं सामान बॅटरीपाशी, यात नाव ठेवायला जागा कुठे आहे?

जागा आहे, आणि नेमकी तिथेच आहे. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीची खिट्टी विजेवर उघडते. बॅटरी मेली की खिट्टी हलत नाही, खिट्टी हलली नाही की बॅटरी दिसत नाही. मागच्या डिकीचं बटणही त्याच विजेवर. घरोघरी वीज गेल्यावर टॉर्च शोधायला दुसरा टॉर्च लागतो, तसलाच हा प्रकार. फक्त जर्मन हातानं आखलेला.

जर्मनांनी त्यावर उपायही ठेवला आहे. ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूजचा डबा असतो. त्याचं झाकण काढून एक लाल टोक चिमट्यानं बाहेर ओढायचं. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल त्याला लावायची, काळी दाराच्या धातूच्या भागाला. मग चावीचं बटण दाबलं की डिकी टक्कन उघडते. इंजिन सुरू करण्याइतका करंट त्या टोकातून जात नाही, तेवढा जीव त्यात नाही. त्याचं काम दार उघडण्यापुरतं. आणि गाडी कुलूपबंद असेल, तर दुसरी केबल टेकवताक्षणी चोर आल्याचा भोंगा वाजतो. मरायला टेकलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी घालावं आणि त्यानं डोळे उघडून पोलिसांना हाक मारावी, तसा.

या लाल टोकानं मला विचार करायला लावलं. आपण सगळे अडचणीसाठी साठवतो, त्यात कुचराई करत नाही. मात्र साठवताना आपण वस्तूच्या नातेवाइकांचा विचार करतो: औषधं औषधांपाशी, कागद कागदांपाशी, बॅटरीचं बॅटरीपाशी. ही शांततेच्या वेळची व्यवस्था झाली. अडचण आली की घराची, गाडीची, दोन भागांत वाटणी होते. एक आपला हात पोचतो तो, आणि दुसरा अडचणीच्या पलीकडचा. पलीकडचं सामान कितीही महागाचं असो, ते त्या दिवसापुरतं आपलं नाही. म्हणून काय घ्यावं या प्रश्नाला मी फार किंमत देत नाही. ते दुकानदार हौसेनं सांगतो. वस्तू अडचणीच्या अलीकडे राहील का, हे मात्र आपणच बघायचं असतं.

हे प्रवचन भाच्यानं ऐकून घेतलं आणि पिशवी बाहेर काढली. केबल सीटच्या मागच्या फटीत गेली. कॉम्प्रेसर, बाटली आणि ती नक्षीची टोपी समोरच्या कप्प्यात. जंप स्टार्टरसाठी दाराशेजारी, चपलांच्या वर एक खिळा ठोकला, म्हणजे निघताना तो डोक्याला लागेलच. ताईनं तोवर बंपरखाली लिंबू-मिरची बांधून टाकली होती. वजन नगण्य, चार्जिंगची गरज नाही. चॅपमननंही आक्षेप घेतला नसता.

सगळं जागच्या जागी बसल्यावर ताईनं गाडीच्या आत एकदा नजर फिरवली.

"पण ते लाल टोक कुठे असतं, कसं ओढायचं, हे ऐन वेळी कुणाला आठवणार? लिहिलेलं आहे ना कुठे?"

"आहे ना, आई. गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलंय."

"मग ते पुस्तक कुठंय?"

"समोरच्या कप्प्यात होतं. कॉम्प्रेसरला जागा हवी होती," भाचा म्हणाला, "म्हणून पुढच्या डिकीत ठेवलं."