जगात जर्मनी, पायात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडं शेंबडं पोरही छाती पुढं काढून सांगतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती बढाई वाटते. मला नाही वाटत. पोलिओनं अधू झालेला माझा डावा पाय हा या दोन्ही मुलुखांचा सामाईक प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून आलेल्या सैनिकांसाठी 1919 साली बर्लिनमध्ये ऑटोबॉक नावाची कंपनी निघाली. आज ती गुडघ्यात संगणक बसवलेला कॅलिपर बनवते. बाई जिना उतरतेय की सपाटीवर चालतेय, हे तो आपला आपण ओळखतो आणि गुडघा बेताबेतानं वाकू देतो. किंमत ऐकली की माझा धडका पायसुद्धा लटपटतो. शिवाय तो चार्ज करावा लागतो. म्हणजे भारनियमनाचं वेळापत्रक बघून माहेरी जायचं.

माझा कॅलिपर बिनसंगणकाचा. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन बाजूंना दोन पट्ट्या आणि गुडघ्याशी कुलूप. कुलूप म्हणजे पट्टीवर सरकणारी कडी. उभं राहून पाय ताठ केला की कडी ‘टक्’ करून खाली बसते आणि गुडघा जागच्या जागी अडकतो. बसायचं असलं की वाकून दोन्ही कड्या वर ओढायच्या. हे सगळं साडीच्या आत, परकराच्या घोळात आणि चारचौघांत करायचं असतं. कडी आणि परकर यांचं सख्य फार. वर ओढली की कडी परकराला धरून बसते, खाली सोडली की त्याला चिमटा काढते. एसटीत गर्दी असली की मी कड्यांच्या नादी लागत नाही, पाय सरळ ठेवूनच बसते. महामंडळ आम्हाला तिकिटात 75 टक्के सवलत देतं, पण पाय काही जागा पंचवीस टक्के घेत नाही. तो जिंतूरपर्यंत मधल्या वाटेत आडवा. येणारा-जाणारा आधी अडखळतो, मग रागानं बघतो, मग कॅलिपर दिसला की ओशाळतो आणि उरलेल्या प्रवासात त्याच्या चुलतभावाला कोणत्या बाबांच्या तेलानं गुण आला ते सांगतो.

हे कुलूप दगा देतं तेव्हा पद-प्रतिष्ठा बघत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना वयाच्या 39व्या वर्षी पोलिओचं निदान झालं. लोखंडी पट्ट्या लोकांच्या डोळ्यांत येऊ नयेत म्हणून ते त्यांना काळा रंग देऊन घेत. 27 जून 1936 ला फिलाडेल्फियाच्या भरसभेत ते मंचाकडं निघाले, एका म्हाताऱ्या कवीशी हात मिळवायला वळले आणि गुडघ्याचं कुलूप सुटलं. अध्यक्ष खाली. सोबतच्यांनी उचललं, कपडे झटकले, आणि त्यांनी भाषण ठोकलं. हा प्रसंग वाचल्यापासून मी पथ्य पाळते. परभणी हे बी. रघुनाथांचं गाव, इथं गल्लीगल्लीत कवी आहे. मी कुणाशीही उभ्यानं हात मिळवत नाही.

देशातला पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याकडची एक मुलगी. 2014 च्या मार्चमध्ये भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. शिक्षिका म्हणून पल्स पोलिओच्या बूथवर मीही बसले आहे. पोरांच्या करंगळीला शाई लावताना माझा पाय टेबलाखालून दिसायचा, त्यामुळं डोस का द्यायचा हे आयांना निराळं सांगावं लागत नसे. पोलिओ गेला याचा आनंद मला इतरांहून जरा जास्तच आहे. पण त्यातून एक गंमत झाली. आम्ही जुन्या चेतक स्कूटरसारखे झालो. गाडी चालू आहे, पण कंपनीनं ते मॉडेल बंद केलंय आणि ज्याला त्यातलं कळतं तो मेकॅनिक म्हातारा झालाय. कॅलिपरच्या एका वर्कशॉपमध्ये नव्या पोरानं माझा पाय हातात घेऊन इतक्या कुतूहलानं बघितला की मला चारठाण्याच्या देवळातल्या खांबांची आठवण झाली. “मॅडम, असलं फक्त पुस्तकात वाचलं होतं,” असं तो आदरानं म्हणाला.

त्या पोरानं प्लॅस्टिकचा कॅलिपर करून दिला. आधी पायावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा काढला. त्या साच्यातून पायाची प्रतिकृती घडवून तिच्यावर तापलेलं प्लॅस्टिक बसवलं. दिसायला देखणा, वजनाला हलका, थेट बुटाच्या आत जाणारा. दिवाळीत घेतला तेव्हा मी सगळ्यांना दाखवत हिंडले. मग आमचा उन्हाळा आला. पारा 44 वर गेला की माणसं सावलीत जातात, पण प्लॅस्टिकच्या आतल्या पायानं कुठं जावं? दुपारच्या सुट्टीत मोजा काढून पिळायचा, टाल्कम पावडर भुरभुरायची आणि पुन्हा पट्टे आवळायचे. त्यातून घोट्याच्या हाडावर काहीतरी घासायला लागलं. दाखवायला गेले तर, “माप बरोबर आहे,” असं उत्तर आलं. माप बरोबरच होतं, पाय चुकीचा होता.

जुन्या लोखंडी कॅलिपरला घामाचा त्रास कमी, पण त्याच्या पट्ट्या बुटाच्या टाचेत ठोकलेल्या. बूट काढायचा म्हणजे सगळा पायच काढायचा. आता आपल्याकडं कुठं बूट काढावे लागत नाहीत? हळदी-कुंकवाला काढा, मयताला गेलं तरी काढा. गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला गेले तेव्हा चपला सांभाळणाऱ्या पोरानं माझा सबंध कॅलिपर बुटासकट ठेवून घेतला. “बाई, ह्याचे एका चपलेचे घेऊ का दोन्हीचे?” त्याची शंका रास्त होती. मी आत बहिणीच्या खांद्यावर लटकत गेले.

म्हणून मला जयपूरचे रामचंद्र शर्मा फार मोठे वाटतात. ते कारागीर, शिक्षण बेताचं. 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर त्यांनी रबराचा जयपूर फूट घडवला. तो पाय कापलेल्यांसाठी, माझ्या कामाचा नाही. पण त्यांनी बघितलं की इथला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो, आणि विलायती पायाला यातलं काहीच जमत नाही. 1981 चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. शर्माजींचं नाव आजही सांगितल्याशिवाय कुणाला आठवत नाही.

चिखलाचं निघालं म्हणून सांगते. आमची जमीन काळी, कसदार, ओल धरून ठेवणारी. 1972 पासून इथं कृषी विद्यापीठ आहे, तिथले लोक या मातीचं कौतुक करताना थकत नाहीत. पावसाळ्यात शाळेच्या मैदानातून गेलं की ती ओली माती माझा उंच सोलचा बूटही धरून ठेवते. दहा पावलांत बूट दुप्पट. ज्या पायात बळ नाही, त्यालाच पीक घेण्याइतकं रान!

घासणाऱ्या घोट्यावर इलाज सापडला तो रस्त्याकडेच्या एका गटई स्टॉलवर. तिथल्या मामांपुढं रापी, आरी आणि तीन पायांची लोखंडी ऐरण, त्यामुळं पायांच्या संख्येचं त्यांना काही वाटत नाही. त्यांनी पाय बघितलाच नाही. आधी बूट उलटा केला, झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “चवडा घासत चालता बाई तुम्ही. कुठं लागायलंय?” एवढ्या दवाखान्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! मग खडूनं खूण करून त्यांनी घोट्याच्या जागी मऊ रबराचं भोक पाडलेलं वेटोळं चिकटवलं, म्हणजे हाड भोकात आणि भार भोवताली. पाय दीड इंच आखूड, तेवढा सोल थरावर थर देऊन उचलला, पण चवड्याकडं रापीनं वर निमुळता तासला. पाऊल आपोआप पुढं सरकायला लागलं. “कंपनी पायाचं माप घेती, चालायचं घेत न्हाई,” हे त्यांचं म्हणणं. पैसे विचारले तर, “आधी चालून तर बघा.”

राहिला जोडीचा प्रश्न. माझा डावा पाय प्लॅस्टिकसकट चार नंबर, उजवा सहा. म्हणजे एका खरेदीत दोन जोड आणि घरात सहा नंबरच्या डाव्या आणि चार नंबरच्या उजव्या बुटांचं संग्रहालय. आई कुठलंही पायताण टाकू देत नसे, “कुणाच्या तरी कामी येईल.” तो कुणीतरी मला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत भेटला. लोक तोंडाकडं बघून बोलतात, मी त्या रांगेत सगळ्यांच्या पायांकडंच बघत होते. सेलूच्या एक ताई, उजवा चार, डावा सहा. एखादं स्थळ जुळावं तशी मी उडालेच, म्हणजे कड्या लावून जितकं उडता येतं तितकी.

तेव्हापासून आम्ही भागीदारीत खरेदी करतो. पण नंबर जुळले म्हणून आवड जुळत नाही. मला काळा, बंद, शाळेत चालेल असा बूट हवा. ताईंना हौस दांडगी. भाच्याच्या लग्नासाठी त्यांनी सोनेरी, खड्यांच्या, मागं पट्टा असलेल्या सँडल परस्पर घेतल्या, आणि माझा वाटा एसटीच्या ड्रायव्हरकडं देऊन पाठवला. मी तो तसाच मामांकडं नेला. त्यांनी उजेडात धरून उलटसुलट बघितला, बोटानं एकेक खडा चाचपला आणि विचारलं, “बाई, खडे काढू, का हे बी असंच दीड इंच उचलू?”